लिंक कोण उघडणार? नोकरी शोधणाऱ्या डेव्हलपरच्या पोर्टफोलिओ साइटचा हिशोब

इंटरव्ह्यूला दहा मिनिटं होती. समोर उमेदवाराचा रेझ्युमे होता आणि त्यात सगळ्यात वर पोर्टफोलिओची, म्हणजे स्वतःचं काम दाखवणाऱ्या साइटची, लिंक, म्हणून उघडली. काळ्या पडद्यावर एकेक अक्षर टाइप होत नाव उमटलं. मग 'मी एक पॅशनेट डेव्हलपर' हे वाक्यही तसंच सावकाश टाइप झालं. स्क्रोल केलं तर प्रोजेक्टची कार्डं डावी-उजवीकडून घरंगळत आली. पहिल्यावर क्लिक केलं आणि गोल चक्र फिरायला लागलं. अर्धा मिनिट गेला, पाऊण गेला, मी टॅब बंद केला. पुढे बोलताना कळलं की मोठी फाइल अपलोड होताना नेट तुटलं, तर जिथे थांबली तिथूनच पुढे चालू करायची सोय त्या मुलाने स्वतः लिहिली होती. काम उत्तम होतं. साइटवर त्याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता.

तेव्हापासून कुणी 'पोर्टफोलिओ साइट लागते का?' असं विचारलं की मी उलट विचारते: उघडणाऱ्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात काय दिसणार आहे? बहुतेक डेव्हलपरना नोकरी मिळवायला वेगळी साइट लागत नाही. दाखवण्याजोगं काम लागतं, आणि ते समोरच्याला चटकन दिसेल अशा जागी असावं लागतं. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार! काही जणांना मात्र साइटचा खरंच उपयोग होतो. आपण त्यांच्यातले आहोत का हे आधी पाहू आणि असू, तर एका शनिवार-रविवारात काम कसं उरकायचं ते नंतर.

पायरी १: तुमचा अर्ज कुणाकुणाच्या हातून जातो ते पाहा

ऑनलाइन फॉर्म भरून केलेला अर्ज बहुतेक ठिकाणी आधी भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन पडतो. ते रेझ्युमेतला मजकूर वाचून नाव, अनुभव, कौशल्यं अशा रकाने भरतं. नंतर रिक्रूटर ती यादी चाळतात. त्यांच्यापुढे ढीग असतो आणि हातात जागेसाठी लागणाऱ्या गोष्टींची यादी असते. इथवर तुमची साइट कुणी उघडेलच याचा भरवसा धरू नका. लिंक उघडतो तो तिसरा माणूस, म्हणजे तांत्रिक इंटरव्ह्यू घेणारा, तोही बहुधा इंटरव्ह्यूच्या जरा आधी, दुसरं काम अर्धवट ठेवून.

म्हणजे पहिला दरवाजा रेझ्युमेच उघडतो. वीस-पंचवीस अर्ज करून एकही फोन आला नसेल, तर साइट बांधायला बसू नका, रेझ्युमे दुरुस्त करा. फोन येतात पण तांत्रिक फेरीत बोलायला काही सापडत नाही, अशी अडचण असेल तर प्रोजेक्टवर वेळ घाला. अर्ज न करता थेट एखाद्या टीम लीडला मेल पाठवत असाल किंवा ओळखीतून नाव पुढे जात असेल, तर गणित उलटं होतं. तिथे रेझ्युमेच्या आधी लिंकच उघडली जाते आणि साइट कामाला येते.

पायरी २: तुमचं काम डोळ्यांना दिसणारं आहे का?

फ्रंटएंड करत असाल तर साइट करा, फार विचार करू नका. तुमचं कामच पडद्यावर दिसणारं आहे आणि स्वतःचं पान फोनवर वाकडंतिकडं दिसत असेल, तर बाकीचं बोलणं कुणी मनावर घेणार नाही. फ्रीलान्स कामं घेणाऱ्यांनाही ती लागते, कारण ग्राहक कोड वाचत नाही, चित्रं आणि चालू डेमो बघतो. तिसरा गट फ्रेशर आणि दुसऱ्या क्षेत्रातून इकडे वळलेल्यांचा. रेझ्युमेत अनुभवाचा रकाना रिकामा असतो, तेव्हा भरवसा वाटावा असं काहीतरी कुठेतरी असावं लागतं.

बॅकएंड, डेटाबेस, डेव्हऑप्स, एम्बेडेड, कंपायलर अशा पडद्यामागच्या कामांत साइटपेक्षा नीट लिहिलेली रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा, सरस. लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने ठेवलेल्या नोंदी, कसे गोळा केले हे दाखवायला रंगीत कार्डं लागत नाहीत, एक आकृती आणि चार परिच्छेद पुरतात. दहा-बारा वर्षं अनुभव असलेल्यांचं काम तर बहुतेक कंपनीच्या बंद दाराआड असतं. त्यांना रेझ्युमेतल्या चार नेमक्या ओळी आणि एखादा सखोल तांत्रिक लेख पुरतो. साइट नाही म्हणून अनुभवी माणसाला नाकारल्याचं मी तरी अजून पाहिलेलं नाही. मोडकी साइट पाहून कपाळाला आठ्या पडलेल्या मात्र पाहिल्या आहेत. त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

पायरी ३: साइटच्या आधी गिटहब आवरा

साइट करायची असो वा नसो, ही पायरी टाळू नका. गिटहब म्हणजे कोड ठेवायची आणि दाखवायची सेवा, आणि साइटवरून माणूस शेवटी इथेच येतो.

गिटहबच्या प्रोफाइलवर ६ रिपॉझिटरी पिन करता, म्हणजे वर लावून ठेवता येतात. पिन केल्या नसतील तर गिटहब स्वतःच काहीबाही पुढे आणतं, आणि ते बहुधा कॉलेजच्या असाइनमेंटचं नाहीतर तीन वर्षांपूर्वी फोर्क करून (दुसऱ्याच्या कोडची प्रत घेऊन) विसरलेलं काही असतं. तेव्हा दोन-तीन चांगल्या रिपॉझिटरी पिन करा. सहाच्या सहा भरल्याच पाहिजेत असं काही नाही. बाकीचा पसारा अर्काइव्ह करा किंवा प्रायव्हेट करा. खाजगी रिपॉझिटरी २०१९पासून मोफत खात्यातही हव्या तितक्या ठेवता येतात.

तुमच्या युजरनेमच्याच नावाची सार्वजनिक रिपॉझिटरी केली आणि तिच्यात रीडमी, म्हणजे ओळख करून देणारी फाइल, ठेवली, तर ती प्रोफाइलच्या माथ्यावर दिसते. ही सोय २०२०पासून आहे. तीन ओळींची ओळख, दोन प्रोजेक्टच्या लिंक आणि ईमेल इतकं तिथे लिहिलंत, तर कित्येकांना वेगळ्या साइटची गरजच उरत नाही. तिथे भाषांचे चाळीस रंगीत बिल्ले लावायचा मोह आवरा.

आता रीडमीचं. सर्वसाधारण रीडमी अशी असते: 'हा एक खर्च नोंदवण्याचा ॲप आहे. रिॲक्ट, नोड आणि मोंगोडीबी वापरून बनवला आहे. चालवण्यासाठी एनपीएम इन्स्टॉल करा.' यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तोच प्रोजेक्ट असा लिहून बघा:

'चार मित्र एकत्र राहतात, खर्च कुणीही करतो आणि महिनाअखेरीस कुणी कुणाला किती द्यायचे यावर गोंधळ होतो. हा ॲप हिशोब मिटवायला कमीत कमी व्यवहार कोणते ते सांगतो. रकमा दशांश अपूर्णांकात न ठेवता सर्वात लहान एककात पूर्णांक म्हणून साठवल्या आहेत, कारण फ्लोटिंग पॉइंटमध्ये ०.१ आणि ०.२ची बेरीज बरोबर ०.३ येत नाही. तिघांत शंभर वाटताना उरलेलं एक एकक कुणाच्या नावावर टाकायचं याचा नियम आणि त्याच्या टेस्ट दिल्या आहेत. अजून एकाहून जास्त चलनं हाताळत नाही.'

कोड तोच आहे. पण या माणसाने विचार केलाय, हे आता दिसतं. 'अजून हे होत नाही' ही ओळ वाचून तर मला हटकून बरं वाटतं. आपल्या कामाची हद्द कुठे संपते हे माहीत असलेला माणूस टीममध्ये हवाच असतो.

रिपॉझिटरी सार्वजनिक करण्याआधी एक गोष्ट तपासा. कधीतरी डॉट ईएनव्ही फाइल (पासवर्डसारखी गुपितं ठेवायची) किंवा एखादी एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) कमिट झाली, म्हणजे गिट या बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत गेली, होती का? नंतरच्या कमिटमध्ये ती काढली असली तरी गिटच्या इतिहासात ती जशीच्या तशी बसलेली असते. आणि सार्वजनिक रिपॉझिटरींमध्ये किल्ल्या शोधत फिरणारे बॉट असतात. म्हणून पहिलं काम ती की ज्या सेवेची आहे तिथे जाऊन रद्द करण्याचं. इतिहास पुसायचा की नाही ते त्यानंतर बघा. उलटा क्रम घातक आहे.

प्रोफाइलवर रोजचं काम दाखवणाऱ्या हिरव्या चौकोनांची फार चिंता नको. कंपनीचा कोड दुसरीकडे असतो हे इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनाही ठाऊक असतं. मात्र तुम्ही रोज काम करूनही चौकोन कोरेच असतील, तर लॅपटॉपवर गिटला दिलेला ईमेल आणि गिटहब खात्यातला ईमेल वेगळे नाहीत ना, ते पाहा. जुळत नसतील तर ते कमिट तुमच्या नावावर मोजले जात नाहीत.

पायरी ४: दोन-तीन प्रोजेक्ट निवडा आणि त्यांच्याबद्दल लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला, साइटच्या सजावटीवर नको.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत शिजलेलं हवं. टू-डू लिस्ट, हवामान दाखवणारा ॲप, कुठल्यातरी प्रसिद्ध सेवेचा हुबेहूब क्लोन हे सगळं शिकायला छान आहे. दाखवायला मात्र कुचकामी, कारण त्यातले निर्णय ट्यूटोरियल करणाऱ्याने घेतलेले असतात. 'इथे मोंगोडीबीच का?' असं विचारलं की उमेदवार गप्प होतो. मोंगोडीबी हा डेटाबेस घेतला यात चूक काहीच नाही, पण ती निवड त्याची नव्हतीच.

याचा अर्थ टू-डू लिस्ट फेकून द्या असा नाही. तिलाच एका दिशेने खोल न्या. समजा तोच ॲप फोनवर आणि लॅपटॉपवर उघडा आहे आणि दोन्हीकडे नेट नाही. फोनवर एका कामाचं नाव बदललं, लॅपटॉपवर तेच काम पुसलं. नेट आल्यावर काय व्हायला हवं? शेवटचा बदल जिंकतो म्हणालात, तर शेवटचा म्हणजे कुणाच्या घड्याळाप्रमाणे? दोन उपकरणांची घड्याळं दोन मिनिटांनी पुढेमागे असतील तर? पुसलेल्या कामाची नोंद खरोखर पुसायची, की 'पुसलं' अशी खूण ठेवायची? हे चार प्रश्न सोडवून त्यांची उत्तरं लिहून ठेवलीत, की तुमची क्षुल्लक टू-डू लिस्ट वीस मिनिटांच्या रंगतदार चर्चेचा विषय होते. अशा चर्चेतच इंटरव्ह्यू जिंकले जातात.

प्रत्येक प्रोजेक्टबद्दल दीडशे-दोनशे शब्द लिहा. अडचण कोणाची आणि काय होती, तुम्ही नेमकं काय केलं, कुठे अडलात, दोन वाटांपैकी एक का घेतली, काय मोजलं आणि काय राहिलं. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर 'आम्ही' आणि 'मी' वेगळे ठेवा. 'आम्ही चौघांनी केलं, त्यातलं लॉगिन आणि परवानग्यांचं काम माझं' इतकं पुरतं. सगळंच माझं म्हणणारा दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

मोजमापाबद्दल जरा जास्त सांगते, कारण इथे बरेच जण हवेत बोलतात. 'परफॉर्मन्स खूप सुधारला' या वाक्याला काही किंमत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'पन्नास ऑर्डरींच्या यादीसाठी डेटाबेसकडे ५१ क्वेरी जात होत्या, एक यादीसाठी आणि प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकासाठी एकेक. ग्राहकांची माहिती एकत्र मागवली, आता दोन क्वेरींत काम होतं.' ही नेहमीचीच चूक आहे, एन प्लस वन म्हणून ओळखली जाते, आणि ती शोधणं म्हणजे काही फार मोठा पराक्रम नव्हे. पण ती स्वतः शोधली, मोजली आणि दुरुस्त केली हे वाचताना कळतं. आकडे मात्र खरे हवेत. तुमच्या लॅपटॉपवर मोजले असतील तर तसंच लिहा. 'लाखो युजरसाठी स्केलेबल' असं लिहून प्रत्यक्षात युजर चारच असले, तर बडा घर पोकळ वासा.

नोकरीतलं काम दाखवायचं असेल तर सांभाळून. कंपनीचा कोड, आतल्या स्क्रीनचे फोटो, ग्राहकांची नावं, बाहेर न आलेले आकडे यांतलं काहीही टाकू नका. करारात काय लिहिलंय ते काढून वाचा. अडचणीचं स्वरूप साध्या शब्दांत सांगायचं, आणि हवं असेल तर तेच तंत्र वापरून खोट्या डेटावर छोटा नमुना घरी नव्याने लिहायचा. दुसऱ्या कंपनीची गुपितं साइटवर मांडणारा उमेदवार उद्या आमचीही मांडेल, हा विचार वाचणाऱ्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

पायरी ५: शनिवारी पान लिहा

इथवर येईपर्यंत साइटचा मजकूर तयार झालेला असतो. आता एकच पान करायचं. वर नाव, खाली एक ओळ: काय करता आणि कसलं काम शोधताय. 'पॅशनेट', 'क्रिएटिव्ह प्रॉब्लेम सॉल्व्हर' असलं काही नको. 'जावा आणि पोस्टग्रेसवर काम करणारी बॅकएंड डेव्हलपर, पेमेंट प्रणालींचा ३ वर्षांचा अनुभव' इतकं स्वच्छ. त्याखाली लगेच प्रोजेक्ट, मग गिटहब, लिंक्डइन, रेझ्युमेची पीडीएफ आणि ईमेल. संपलं.

फोन नंबर आणि घरचा पत्ता सार्वजनिक पानावर टाकू नका. साइटवर ठेवलेल्या रेझ्युमेच्या पीडीएफमध्येही ते राहून जातात, तिथूनही काढा.

साधं एचटीएमएल आणि सीएसएस या पानाला पुरतं. एचटीएमएलच्या हेड भागात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग विसरू नका, नाहीतर फोनवर सगळं मुंगीएवढं दिसतं. पुढे लेखही लिहायचे असतील तर जेकिल, ह्यूगो, इलेव्हन्टी किंवा ॲस्ट्रो यांपैकी साइट तयार करून देणारं एखादं साधन घ्या. रिॲक्ट येतं हे दाखवायला साइटही रिॲक्टमध्येच हवी, असं काही नाही. ते प्रोजेक्टमधून दिसतं. टेम्प्लेट वापरली तर लाज वाटायचं कारण नाही, फक्त तिच्यातला नमुन्याचा लॅटिन मजकूर आणि मूळ मालकाचं नाव पानाच्या टायटलमधून काढलं का ते पाहा. फ्रंटएंडवाल्यांनी मात्र मांडणी स्वतःच करावी.

कौशल्यांच्या टक्केवारीच्या पट्ट्या हा माझा जुना राग आहे. 'जावास्क्रिप्ट ८५ टक्के'. कशाच्या ८५ टक्के? उरलेले पंधरा कोणते ते माहीत असेल तर शिकून का नाही घेतले? असो. ॲनिमेशनचंही तसंच. नमनालाच घडाभर तेल जाळलं तर नाटक बघायला माणूस थांबत नाही.

अंदाजे दोन दिवसांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर समजा की तुम्ही अर्ज करायचं टाळताय. मी स्वतः एकदा अडीच महिने साइट घडवत बसले होते. डार्क मोड होता, तीन भाषा होत्या, कर्सरमागे धावणारा ठिपका होता. त्या अडीच महिन्यांत मी अर्ज किती केले? चार.

पायरी ६: रविवारी होस्ट करा

होस्ट करणं म्हणजे साइट इंटरनेटवर चढवणं, आणि त्याची सगळ्यात सरळ वाट गिटहब पेजेसची. युजरनेमपुढे डॉट गिटहब डॉट आयओ जोडून त्या नावाची सार्वजनिक रिपॉझिटरी करा, तिच्यात इंडेक्स नावाची एचटीएमएल फाइल टाका, पुश करा (गिटहबवर पाठवा). थोड्या वेळात साइट त्याच पत्त्यावर दिसते, एचटीटीपीएससह (सुरक्षित जोडणीसह), मोफत. नेटलिफाय, व्हर्सेल, क्लाउडफ्लेअर पेजेस यांच्याकडेही मोफत योजना आहेत. तुम्हाला जे आधीच येतं ते वापरा, त्यावर दोन संध्याकाळी तुलना करत बसू नका.

आपल्या मशीनवर चालतं आणि वर चढवल्यावर मोडतं, याची तीन ठरलेली कारणं आहेत. एक, अक्षरांचा लहानमोठेपणा. इंग्रजीत फाइलच्या नावात मोठा 'पी' आहे आणि कोडमध्ये छोटा लिहिलाय. विंडोजला फरक पडत नाही, सर्व्हरला पडतो, आणि तुमचा फोटो गायब होतो. नुसता अक्षराचा आकार बदलला तर विंडोजवर गिटला तो बदल बरेचदा कळतच नाही, म्हणून नाव 'गिट एमव्ही' या कमांडने बदला. दोन, साइट युजरनेमच्या मुळाशी नसून एखाद्या रिपॉझिटरीच्या उपपत्त्यावर असते, आणि चित्रांचे पत्ते तिरप्या रेघेने सुरू केलेले असल्यामुळे ब्राउझर ती मुळाशी शोधतो. तीन, सिंगल पेज ॲपमध्ये (एकच फाइल सगळी पानं दाखवते अशा साइटमध्ये) आतल्या पानावर रिफ्रेश केलं की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', कारण त्या पत्त्यावर सर्व्हरकडे खरी फाइलच नसते. नेटलिफाय-व्हर्सेलवर यासाठी रीराइटचा, म्हणजे असे पत्ते त्या एकाच फाइलकडे वळवायचा, नियम लिहिता येतो. एका पानाच्या साध्या साइटला हा त्रासच नाही.

स्वतःचं डोमेन घ्यायचं का? घेतलंत तर छान दिसतं, नाही घेतलंत तर कुणी नाकारत नाही. घेणार असाल तर आपोआप नूतनीकरण चालू ठेवा. मुदत संपून डोमेन सुटलं तर दुसरा कुणीही ते घेऊ शकतो, आणि तुमचे जुने रेझ्युमे लोकांना त्याच्या पानावर पाठवत राहतात. तिथे जुगाराची जाहिरात लागली तर दोष तुमच्या माथी. नोंदणीत मालकाची माहिती लपवायची सोय असेल तर ती चालू करा. डॉट डेव्ह घेतलंत तर ब्राउझर ते फक्त एचटीटीपीएसवरच उघडतात, तेव्हा सर्टिफिकेट लागण्याआधी साइट दिसत नाही म्हणून घाबरू नका.

आता त्या फिरणाऱ्या चक्राकडे येऊ. ज्या प्रोजेक्टला सर्व्हर लागतो तो मोफत योजनेवर ठेवला, तर काही वेळ कुणी फिरकलं नाही की तो झोपतो. रेंडर या होस्टिंग सेवेच्या मोफत योजनेत हे १५ मिनिटांनी होतं आणि पुन्हा जागं व्हायला मिनिटभर जाऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे योजनाच बंद होते. हेरोकू या तशाच सेवेने नोव्हेंबर २०२२मध्ये मोफत योजना थांबवली तेव्हा असंख्य प्रोजेक्टच्या लिंक एका फटक्यात मेल्या, आणि आजही कित्येक रेझ्युमेत त्या तशाच आहेत. म्हणून चालू डेमोवर सगळी भिस्त ठेवू नका. प्रोजेक्टच्या वर्णनातच दोन स्क्रीनशॉट आणि अर्ध्या-एक मिनिटाचा आवाज नसलेला व्हिडिओ ठेवा. डेमोच्या लिंकशेजारी 'सुरू व्हायला मिनिटभर लागेल' असं प्रामाणिकपणे लिहा. आणि लॉगिन लागत असेल तर 'पाहुणा म्हणून आत या' असं बटण द्या, आत नमुन्याचा डेटा भरून ठेवा. खातं काढा, ईमेल पडताळा आणि मग रिकामा डॅशबोर्ड बघा, इतका धीर परक्या माणसाला नसतो.

पायरी ७: परक्याच्या डोळ्यांनी तपासा

इनकॉग्निटो खिडकीत उघडा, म्हणजे तुमच्या लॉगिनमुळे दिसणाऱ्या गोष्टी उघड्या पडतील. गिटहबची लिंक प्रायव्हेट रिपॉझिटरीची असेल तर बाकीच्यांना ४०४ दिसतं, तुम्हाला मात्र सगळं ठीक वाटत राहतं. मग वायफाय बंद करून फोनवर उघडा. प्रत्येक लिंकवर बोट ठेवा, रेझ्युमेची पीडीएफसुद्धा.

क्रोमच्या डेव्हटूल्समधलं लाइटहाऊस एकदा चालवा. गुगलच्या निकषाप्रमाणे पानावरचा सर्वात मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसला तर ते चांगलं. तुमचं पान त्याहून मंद असेल तर बहुतेक वेळा गुन्हेगार एकच असतो: कॅमेऱ्यातून काढून तसाच चिकटवलेला काही एमबीचा फोटो. तो लहान करा. फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर ठेवली असतील तर गडद करा. सुगम्यतेच्या प्रचलित मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुराला किमान ४.५ला १ इतका कॉन्ट्रास्ट लागतो. माउस बाजूला ठेवून फक्त टॅबच्या कळीने पान फिरून बघा. फ्रंटएंडच्या जागेसाठी अर्ज करत असाल तर समोरचाही हे करून बघतो, मी तर हमखास करते.

ओपन ग्राफचे टॅग टाका, म्हणजे लिंक चॅटमध्ये पाठवली की नाव, ओळ आणि चित्र दिसतं. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेल ठेवलं की बहुतेक ठिकाणी नीट बसतं.

संपर्काचा फॉर्म नकोच. तो गुपचूप बंद पडतो आणि तुम्हाला वाटतं कुणी लिहिलंच नाही. सरळ ईमेल लिहा.

पायरी ८: लिंक योग्य जागी लावा

रेझ्युमेत माथ्यावर साइटची किंवा गिटहबची एक लिंक, आणि प्रत्येक प्रोजेक्टच्या ओळीत त्या प्रोजेक्टची थेट लिंक. साइटच्या मुखपृष्ठावरून शोधत जायला कुणी रिकामं बसलेलं नाही. 'इथे क्लिक करा'च्या मागे पत्ता लपवू नका, पूर्ण पत्ता दिसू द्या. रेझ्युमे कागदावर छापला जातो, सॉफ्टवेअरमधून जाताना दुवे गळून पडतात.

थेट मेल पाठवताना एकच लिंक द्या आणि ती का उघडावी ते एका वाक्यात सांगा: 'तुमच्या जाहिरातीत ऑफलाइन सिंकचा उल्लेख आहे, दोन उपकरणांवरचे बदल जुळवताना मी घेतलेले निर्णय इथे लिहिले आहेत.' पाच लिंक दिल्या तर एकही उघडली जात नाही.

नंतरची देखभाल थोडीच. तीन महिन्यांनी एकदा सगळ्या लिंक तपासा. ब्लॉगचा विभाग ठेवलात आणि त्यात 'हॅलो वर्ल्ड' ही एकच जुनी पोस्ट असेल, तर विभागच काढून टाका. इंटरव्ह्यूच्या आधी तासभर स्वतःचा डेमो उघडून सर्व्हर जागा करा, अधूनमधून टॅब रिफ्रेश करत राहा, आणि प्रोजेक्टचं स्वतःच लिहिलेलं वर्णन एकदा वाचून जा. त्यातल्याच वाक्यावर पहिला प्रश्न येतो.

आणि नोकरी लागली की 'सध्या संधीच्या शोधात' ही ओळ काढा. मी नव्या ठिकाणी रुजू होऊन चार महिने झाले तरी ती माझ्या साइटवर होती. माझ्या लक्षात ती मॅनेजरनेच आणून दिली.